घरगाडीच्या मागची गाडी

आमच्या गल्लीत कुणी नवी गाडी घेतली की सगळे गाडीच्या पुढे गोळा होतात. बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक आणि मोबाईलसमोर दात काढून उभं राहिलेलं अख्खं घर. मुंजाजीमामा मात्र तडक गाडीच्या मागे जातात. कमरेत वाकतात, डिकीखाली डोकं घालतात, बंपरवर दोन टिचक्या मारतात आणि मालकाला सांगतात, "पुढून समद्याच गाड्या बऱ्या दिसतेत. मागं काय हाय ते बघा."

हे फक्त गाड्यांपुरतं असतं तर मी काही लिहायला बसलो नसतो. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या नोकरीचं कौतुक झालं, आणि शेजारी या नात्याने बोलावलेले मामा मुलाला म्हणाले, "पाव्हनं, जरा तिकडं तोंड करून उभं ऱ्हावा." तो बिचारा उभा राहिला. मामांनी त्याला मानेपासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. पोरगं सरळ चालतंय. द्या पोरगी." आम्ही दिली. संसार छान चाललाय, पण आमचे दाजी अजूनही मामांसमोर पाठ फिरवत नाहीत.

मी अंबाजोगाईत औषधांचं दुकान चालवतो. मामांचं घर माझ्या घराला लागून, मधे एक बुटकी भिंत. तिच्यावरून वाटीभर साखर, वर्तमानपत्र आणि मामांचं डोकं असं काही ना काही दिवसभर इकडे येत असतं. सगळं आयुष्य त्यांनी कडा गावाकडच्या एका साखर कारखान्याच्या यार्डात काढलं. हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर यायचे. ड्रायव्हर मोठ्याने गाणी लावून पुढे बसलेला, आणि मागच्या ट्रॉलीची पिन निसटून ती कधीचीच रस्त्यात राहिलेली. हा गडी एकाच ट्रॉलीसह गेटवर येऊन रुबाबात हॉर्न वाजवायचा. मामा विचारायचे, "का बे, निम्मं वऱ्हाड कुठं सोडून आलास?" त्यांचं ते 'मागं काय हाय ते बघा' तिथूनच सुरू झालं असणार, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

निवृत्त झाल्यावर माणसं गीता वाचतात, बागेत फिरतात, निदान सुनेला सल्ले देतात. मामांनी लिलावात जुनी स्कूलबस घेतली. रशीदभाईंच्या वर्कशॉपमध्ये ती महिनोन्‌महिने उभी होती आणि मामा तिच्याशेजारी. बाकडी काढली, दोन पलंग बसवले, गॅसचा ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली. मागच्या कोपऱ्यात न्हाणीघर केलं, ते एवढं लहान की दार लावण्याआधी पोट आत घ्यावं लागतं. या प्रकरणाचं नाव घरगाडी. पिवळा रंग तसाच ठेवला. शाळेचं नाव खरवडलं, पण मागच्या बाजूची 'मुले आत आहेत, सावकाश चालवा' ही पाटी मामांनी खरवडू दिली नाही. मागे वाचायला काहीतरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गाडी गल्लीत आली त्या दिवशी समोरच्यांनी विचारलं, "निवडणूक लागली का काय?" मामा म्हणाले, "देश बघायला चाललोय."

देश वगैरे सगळं सांगायला होतं. गयामामी न्हाणीत घसरून पडल्या त्याला आता दोन वर्षं होत आली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. वॉकर घेऊन पलंगापासून ओसरीपर्यंत आणि ओसरीपासून पलंगापर्यंत, एवढंच त्यांचं जग उरलं. दवाखान्यात न्यायचं तर मी आणि मामा त्यांना खुर्चीसकट उचलून रिक्षात ठेवायचो. एकदा उचलताना माझा हात निसटला आणि खुर्ची कलंडता कलंडता वाचली. त्यानंतर मामींनी सांगूनच टाकलं, "मी काय पोतं हाय का? आता मला कुणी उचलायचं न्हाई." तेव्हापासून त्या फाटकाबाहेर गेल्या नाहीत. डॉक्टरलाच घरी यावं लागायचं.

ती अख्खी बस मामांनी या एका बाईला फाटकाबाहेर काढायला केली होती. बस फाटकाला अगदी चिकटवून उभी केली आणि पायऱ्या इतक्या बुटक्या करून घेतल्या होत्या की मामी वॉकर टेकत स्वतः चढल्या. दांड्याला धरून आत गेल्या, पलंगावर बसल्या, ओट्यावरून हात फिरवला आणि "चांगली झाली" म्हणाल्या. मामांचं तोंड असं काही फुललं की मला दुसरीकडे बघावं लागलं. पण मामी पुढे म्हणाल्या, "आन फाट्यावर गेल्यावर वो?"

त्यांचं माहेर सिरसाळ्याच्या पलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. भाऊ-भावजय तिथेच असतात. ही धूड बस फाट्यापर्यंत जाईल, पण त्या गावाच्या बोळात बैलसुद्धा आधी विचार करून वळतो. "फाट्याहून मला उचलून नेणार असाल तर मी न्हाई यायची. तुमी या देश बघून," मामींनी सांगितलं आणि वॉकर टेकत घरात गेल्या.

म्हणून घरगाडीच्या मागे जोडायला एक लहान गाडी पाहिजे होती. फाट्यापर्यंत बसने ओढत न्यायची, तिथे सोडायची आणि बोळात शिरायचं. कागदावर सोपं होतं. पण गाडी निवडायची मुंजाजीमामांनी, आणि ते मागून सुरुवात करणार.

पहिली आली मोपेड. तिच्या मागच्या सीटच्या जागी मामांनी हातांची प्लास्टिकची खुर्ची पक्की बसवून घेतली होती, वर पट्टा, खाली पाय ठेवायला फळी. मामींनी ओसरीतून पाहिलं आणि विचारलं, "माजी मिरवणूक काढायची हाय का?" मोपेड परत गेली.

मग मालवाहू तीनचाकी आली. मागच्या हौद्यात गादी, चढायला उताराची फळी. मामी बसण्याआधी चाचणी हवी म्हणून मामांनी मला गादीवर आडवं केलं आणि वर चादर घातली, ऊन लागू नये म्हणून. गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला लोक दारात येऊन हात जोडायला लागले. एका म्हाताऱ्याने तर विचारलंच, "कोण गेलं वो?" मी उठून बसलो तेव्हा तो बिचारा जाता जाता वाचला. मामी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि नाही म्हणाल्या.

शेवटी रशीदभाईंनी एक जुनी लहान कार शोधली. खरं सांगतो, उत्तम गाडी होती. मामांनी मागचं सीट नव्याने भरून घेतलं, टेकायला लोड ठेवला, धरायला कडी लावली. मी म्हटलं, आता झालं. मामींनी फाटकात उभं राहूनच सीट हाताने दाबून पाहिलं. "मऊ हाय," म्हणाल्या आणि घरात गेल्या. मामा कडी धरून तिथेच उभे राहिले. दुपारी दुकानात येऊन माझ्या स्टुलावर बसले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला म्हाताऱ्यासारखा वाटला. "काय करावं बे सुधाकर? मागं काय कमी पडलं?"

मला मामींचाच राग आला. माणूस वर्षभर बायकोसाठी राबतो आणि बाई नुसती नाही म्हणते! संध्याकाळी गोळ्या द्यायला गेलो तेव्हा मी सरळ विचारलं, "मामी, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?" मामा दारातच उभे होते.

मामींनी गोळ्या उशाशी ठेवल्या आणि मला भलतंच सांगायला सुरुवात केली. लग्न होऊन त्या पहिल्यांदा अंबाजोगाईला आल्या तेव्हाचं. बसस्टँडवर उतरले, मामा खांद्यावर पेटी घेऊन पुढे आणि त्या मागे. त्या काळी नवराबायको जोडीने चालत नसत. मामा पुढे बोलत चाललेले, हे कॉलेज, हा दवाखाना, इथं भाजी चांगली मिळते. स्टँडजवळच मामींच्या चपलेचा अंगठा तुटला. हाक मारायची तर नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी. त्या एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. मामा घरापर्यंत बोलत गेले. आईने विचारलं, "सून कुठाय?" तेव्हा कुठे त्यांनी मागे बघितलं.

"आन हितं मला लोकं इचारायलेत, कुनाच्या घरची तू?" मामी सांगत होत्या. "नाव कसं घ्यावं? मी आपली रडत बसले. हे पळत आले तवा पायात पायतान बी न्हवतं. तवापासून ह्यांचं सुरू झालं, मागं काय हाय ते बघा."

मी मामांकडे पाहिलं. ते चौकटीचा रंग नखाने खरवडत होते.

"माहेरात मी गाडी हाणायचे, सुधाकर," मामी म्हणाल्या. "बैलगाडी. बाप असायचा आजारी आन भाऊ लहान. सिरसाळ्याच्या बाजाराला कासरा माज्या हातात, भाऊ मागं पोत्यावर. फाट्याहून घरापातूर डोळं मिटून गाडी आणायचे. लगीन झालं आन मी मागं आले. ह्यांनी लई जपलं, माजं म्हननं न्हाई. पन समदे मागचंच सीट बघायलेत. मऊ हाय का, रुंद हाय का. पुढं कोन बसनार ते कुनी इचारलंच न्हाई." मग हळू आवाजात म्हणाल्या, "पाय मोडलाय माजा. हात न्हाईत मोडले."

मामांनी मलाच विचारलं, "ब्रेक हातानं लागतो अशी गाडी असती का बे?"

असते. रशीदभाईंनी पायाने अधू असलेल्या लोकांसाठी मागे दोन चाकं लावलेली बॅटरीची स्कूटर आणली. सगळं हातात, पाऊल ठेवायला बुटकी फळी, पाठीला टेकायला गादी आणि मागे एक छोटं सीट. बसमागे तिच्यासाठी बुटकी ट्रॉली केली. मामींनी फाटकाबाहेर वॉकर टेकला तेव्हा गल्लीतल्या बायका कामं टाकून दारात आल्या. पुढचे कितीतरी दिवस सकाळी कॉलेजच्या मैदानावर मामी पुढे स्कूटर चालवायच्या आणि मामा मागे पळायचे. वेग वाढवायचा असला की मामी जिभेने टक्‌टक् करायच्या, थांबवायची असली की "हो, हो रं पवळ्या!" पवळ्या हा वडिलांचा बैल. बॅटरीच्या स्कूटरला हे कळत नाही असं मी एकदा म्हणालो. "थांबली ना?" मामींनी विचारलं.

पहिल्या सफरीला मी गेलो होतो. देश बघायचा म्हणून निघालेली ती घरगाडी सिरसाळ्याच्या पलीकडच्या एका फाट्यावर थांबली, कारण मामींचा देश तिथे होता. मी सगळा रस्ताभर मागच्या खिडकीत बसून ट्रॉलीवर नजर ठेवून होतो, ते काम मामांनी नेमून दिलं होतं. फाट्यावर उताराची फळी लावली, स्कूटर खाली आली. मामींनी वॉकर माझ्या हातात दिला, स्वतः बसल्या, लुगडं सावरलं, दोन्ही हातांत हँडलच्या मुठी घट्ट धरल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "बसा."

मामा बसले. ज्या माणसाला मी आयुष्यभर पुढे चालताना पाहिलं, तो मागच्या सीटवर गुडघे जुळवून बसला होता. टक्‌टक् झालं आणि स्कूटर निघाली. मी वॉकर घेऊन मागून भराभर चालत होतो. बोळ आला. मामींनी त्यात स्कूटर अशी वळवली की मला त्यांच्या शब्दांवर एकदम विश्वास बसला, डोळे मिटूनही आणली असती. दारादारांतून बायका बाहेर आल्या, कुणीतरी ओरडलं, "गया आली गं! गया गाडी हाणत आली!" मला राहवलं नाही. मी मागून हाक दिली, "मामा, मागं काय हाय ते बघा की!"

"मागं मीच हाय बे," मामा मान न वळवता म्हणाले. "पुढं बघू दी."

स्कूटर भावाच्या दारात थांबली. भावजय धावत आली, मामींच्या गळ्यात पडली, दोघी रडायला लागल्या. मामा मात्र अजून सीटवरच बसून होते. जवळ गेल्यावर मला दिसलं, मामींच्या पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं. चाकात जाऊ नये म्हणून फाट्यापासून धरलेलं.

मामींना पदराला ओढ बसली तशी त्यांनी डोळे पुसत मागे बघितलं. "आवं, आलं की घर. सोडा की आता."

"एकदा तू मागं ऱ्हायली हुतीस," मामा म्हणाले. "आता सोडला तर मी ऱ्हायचो." आणि त्यांनी पदर सोडला नाही.