दामू झीलकरी ओळ विसरला नव्हता

दामूने आयुष्यात एकही संभाषण स्वतःहून सुरू केलेले नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. आपण म्हणावे, "दामू, उकाडा वाढला," की तो शेवटचा शब्द उचलणार, "वाढला जी!" आपण म्हणावे, "दिघीची फेरीबोट आज उशिरा आहे." तो म्हणणार, "उशिरा हाय जी, उशिरा हाय!" आपण गप्प बसलो तर तोही गप्प. लग्नात बायकोने उखाणा घेतला, तेव्हा याने तिचीच शेवटची ओळ चालीवर परत म्हटली. परिणामी भर मांडवात त्याने घेतलेले नाव त्याचे स्वतःचेच निघाले.

गाव याला वेड म्हणते. गावाला शाहिरी कळत नाही, हा दामूचा दोष नव्हे. शाहीर पुढे उभा राहून ओळीला तोंड फोडतो. मागे तुणतुणे घेऊन उभा असलेला झीलकरी त्या ओळीचे शेपूट उचलतो आणि ताणतो. झीलकऱ्याने आधी तोंड उघडणे ही त्या धंद्यातली बेअदबी. म्हसळ्याच्या शिवराम शाहिरांच्या मागे दामूने चाळीस वर्षे एकाच तारेवर काढली. पुढे ती शिस्त घरातही आली, एवढेच.

आता दामू ज्यात दिसतो त्या चित्रपटाविषयी. एका शाहिराच्या जीवनावरचा तो संगीतपट आहे आणि काशीदच्या किनाऱ्यावर त्यातले एक गाणे चित्रित झाले. पडद्यावर दामू एकटा उभा आहे, तुणतुणे वाजते आहे, आणि तो बराच वेळ काही न गाता चौकटीबाहेर कुठेतरी पाहत राहतो. मग गातो. हे पाहिल्यापासून गावात एकच कथा चालते. धक्क्यावरचा चहावाला मधू ती तिखटमीठ लावून सांगतो.

"क्यामेरा बगितला नि बोबडी वळली दाम्याची. ओळच इसरला!"

"मधू, तू तिथे होतास?"

"न्हाय."

"मग चहा गाळ."

"अवो अण्णा, पण समद्या महाराष्ट्रानं बगितलं!"

महाराष्ट्राने चौकटीतले पाहिले. मी चौकटीबाहेर उभा होतो.

घडले ते असे. दिग्दर्शिका तरुण होती, पण कानाची पक्की. गाणे स्टुडिओतले नको, किनाऱ्यावरच गायलेले हवे, हा तिचा हट्ट. दामूचे तुणतुणे आणि बोलणे ऐकून ती म्हणाली, "काका, सुरुवात तुम्हीच करा. आवाज असाच हवाय."

"असाच हवाय जी."

"म्हणजे करताय ना?"

"न्हाय."

"का?"

दामूची मोठी अडचण झाली. आता स्वतःचे वाक्य बोलणे भाग होते. "मी झीलकरी. शाहिरानं ओळीला तोंड फोडल्याबिगर माजा गळा उगडत न्हाय."

"कुठे आहेत शाहीर?"

"म्हसळ्याला."

"मग आणा की!" ती हसून म्हणाली.

"आणतो जी," दामू म्हणाला. तो हसला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिवराम शाहिरांना त्याच्या तीन वर्षे आधी अर्धांगाचा झटका आला होता. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. वयामुळे कार्यक्रम बंद केले, एवढेच घरच्यांनी बाहेर सांगितले होते. खरे काय ते दामूला ठाऊक होते आणि त्या रात्री मी विचारल्यावर मला कळले.

सकाळी आम्ही म्हसळ्याला गेलो. शाहिरांच्या लेकीने दार अडवले. "काका, आबांना काय तमाशा करून दाखवायचाय?"  दामूने दाराजवळच्या कोनाड्यातला शाहिरांचा फेटा घेतला आणि तिच्या खांद्यावरून त्यांच्यासमोर धरला. शाहिरांनी मान थोडी पुढे केली. लेक बाजूला झाली. रिक्षाने दिघीपर्यंत, फेरीबोटीने आगरदांड्याला आणि तिथून काशीद. वाळूत शाहिरांची खुर्ची रुतू नये म्हणून एक हात दामूचा, एक माझा. माझे गुडघे अजून तो दिवस विसरलेले नाहीत.

दिग्दर्शिकेने शाहिरांकडे पाहिले आणि खुर्ची कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला ठेवायला सांगितली.

तुणतुणे सुरू झाले. दामू शाहिरांकडे पाहत होता. वाजवत होता आणि पाहत होता. कोणीतरी कुजबुजले, "अरे, ओळ सांगा त्यांना!" दिग्दर्शिकाबाईंनी हात वर करून त्याला गप्प केले. लाटा येत होत्या, तार चालू होती. दामू संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिला असता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मग शाहिरांचा डावा हात गुडघ्यावरून उचलला गेला. हळूहळू वर आला. ओळीला तोंड फोडताना ते एक बोट आभाळाकडे करत, तसे ते बोट वर गेले.

आणि दामू पहिल्या शब्दापासून गायला.

चित्रपट लागल्यावर गाव हसू लागले तेव्हा मी चिडलो. "दामू, खरे काय ते मी सगळ्यांना सांगतो!"

"सांगू नका, अण्णा." शेवटचा शब्द उचलण्याऐवजी त्याने तो मोडला, तेव्हाच मी ओळखले की हा मनापासून बोलतो आहे. "मला हसत्यात, हसू देत. शाहिराची कीव केलेली न्हाय चालायची मला."

मी शब्द दिला आणि पाळला. मधूच्या टपरीवर तो पाळणे किती जड गेले, ते माझे मला ठाऊक. शिवराम शाहीर गेल्या मार्गशीर्षात गेले. आता त्यांची कीव कोणी करू शकत नाही, म्हणून लिहितो आहे.

परवा दामूच्या घरी टीव्हीवर तो चित्रपट लागला होता. ते गाणे आले. पडद्यावरचा दामू चौकटीबाहेर पाहू लागला, तसा पाटावर बसलेल्या दामूने टीव्हीवरची नजर काढली. टीव्हीच्या उजव्या बाजूला नुसती भिंत आहे. गाणे सुरू होईपर्यंत तो त्या भिंतीकडे पाहत बसला.