बदल्या थंडीत कराव्यात

गडचिरोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे रोज निवेदनं येत. रस्ता, पूल, वीज, वनपट्टा, पिकात शिरणारी रानडुकरं. शेख बशीर यांच्या निवेदनाचा विषय वेगळा होता: ‘अधिकाऱ्यांच्या बदल्या मे महिन्याऐवजी डिसेंबरात करण्याबाबत.’ कारण एका ओळीत दिलं होतं. मे महिन्यात ग्लॅडिओलसचं फूल येत नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी एका दैनिकाचा तिथला बातमीदार होतो. निवेदनाची प्रत द्यायला बशीरभाई स्वतः आले. गंमत म्हणून छापायची माझी तयारी होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर गमतीचं काही नव्हतं.

“सरकारले शेतीची अक्कल नाई,” ते म्हणाले. “मे महिन्यात आपल्या इथी काय फुलते? डोस्कं! अन् साहेबलोक त्याच महिन्यात जाते. झेंडूचा हार घालून माणसाले निरोप द्याचा? तो काय पोळ्याचा बैल हाये?”

बशीरभाई मूळचे टेलर. बाजारात रेडिमेड शर्ट आले आणि त्यांची मशीन थांबली. कठाणी नदीच्या बाजूला त्यांचं अर्धा एकर धानाचं रान होतं, तिथं त्यांनी फुलं लावली. मशीन विकली, पण टेप गळ्यातच राहिला. कापलेला प्रत्येक दांडा ते त्यानं मोजत. तीस इंचांच्या आतला बाजूला पडे.

“फूल म्हणजे दांडा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “वरचं तं नाल्यातल्या बेशरमच्या झाडालेही येते.”

हाराच्या फुलांना ते फुलं मानत नसत. “हारातलं फूल म्हणजे गर्दी. गुच्छातलं फूल म्हणजे माणूस.”

गुच्छाला गिऱ्हाईक मात्र एकच होतं, सरकार. गडचिरोलीत नेमणूक झालेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीचा विचार करतो, असं तिथं सर्रास बोललं जाई. बदल्यांची मोठी लाट उन्हाळ्यात येई, किरकोळ बदल्या वर्षभर चालू असत. त्यामुळे स्वागत आणि निरोप हे दोन समारंभ गावात बारमाही होते. कोणत्याही कार्यालयाचा शिपाई मळ्यावर आला की बशीरभाई आधी विचारत, “साहेब येऊन राह्यले का जाऊन राह्यले?”

येणाऱ्याला ग्लॅडिओलस. तोही बंद, फक्त खालच्या कळीला रंग दिसेल इतपत. मग एकेक कळी खालून वर उमलत आठवडा काढते. “तेवढे दिवस तरी साहेबाचं मन लागते,” असा त्यांचा हिशोब होता. एटापल्ली किंवा भामरागडकडे जाणाऱ्याला ॲस्टर. “जीपचे दचके तेच सोसते. गरीब हाये, पण इमानदार.” डॉक्टरबाईंना निशिगंध. गुलाब ते लावतच नसत. एका शिपायानं साहेबांना गुलाबच हवेत म्हणून हट्ट धरला, तर म्हणाले, “गुलाब घमेंडी हाये. तो साहेबाच्या हातात राह्यत नाई, साहेबच त्याच्या हाताखाली राह्यते.” शिपाई निशिगंध घेऊन गेला.

उरलेली फुलं सकाळच्या पहिल्या एसटीनं चंद्रपूरला जात. माझं बातम्यांचं पाकीटही त्याच गाडीनं जाई. त्यामुळे बशीरभाई आणि मेश्राम यांचं भांडण मला रोज ऐकायला मिळे. मेश्राम हे बसस्थानकावरचे वाहतूक नियंत्रक. भंडाऱ्याचे, वयानं पन्नाशीचे. बशीरभाईंचा आग्रह असे की फुलांचा भारा टपावर जाणार नाही, आडवाही पडणार नाही. तो ड्रायव्हरच्या मागे उभा राहील.

“बशीरभाई, फुलं हायेत का नवरी हाये?”

“आडवं ठेवलं तं शेंडा वाकडा होते, मेश्रामभाऊ. तुमच्या टाइमटेबलासारखा.”

“मंग तुम्हीच चालवा न गाडी!”

गाडी सुटली की दोघं कँटीनमध्ये एकाच बाकावर बसत आणि भंडाऱ्याचा तांदूळ चांगला की गडचिरोलीचा, या विषयावर अर्धा तास घालवत. बशीरभाईंच्या पत्नीला जाऊन चार वर्षं झाली होती. दोन्ही मुली लग्न होऊन बल्लारपूरला आणि वडशाला होत्या. तो अर्धा तास सोडला तर दिवसभरात ते बोलत ते शिपायांशी आणि फुलांशी.

मेश्राम दरवर्षी भंडाऱ्याला बदली मागत. आई तिथं एकटी होती. अर्ज गेला की बशीरभाई म्हणत, “जा न बाप्पा. कोणं पकडलं तुम्हाले?” बदली होत नसे आणि विषय तांदळावर येई.

त्या वर्षी ती झाली. ऑर्डर आली डिसेंबरात. मेश्रामांनी ती बाकावर ठेवली आणि हसत म्हणाले, “भाई, सरकारनं तुमचं ऐकलं. थंडीत बदली केली.”

बशीरभाईंनी कागद सरळ धरून दोनदा वाचला. “ऐकलं असंन,” ते म्हणाले. “पण कोणाची कराची, हेबी लिहून द्या लागते का?”

चहा तसाच ठेवून ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या गाडीला फुलं आली नाहीत.

निरोप समारंभासाठी डेपोतल्या लोकांनी गुच्छ सांगून पाठवला. उत्तर आलं, माल नाही. मी मळ्यावर गेलो. पांढरा, केशरी, जांभळा ग्लॅडिओलस रांगांनी उभा होता. निम्मा पूर्ण उमललेला, म्हणजे विकण्याच्या पलीकडे गेलेला.

“हा माल नाही का?” मी विचारलं.

“कापला तं माल. आता तो उभा हाये.”

“मग कापा.”

“कापतो न. गुच्छ देतो. अन् मंग? गुच्छ दिला का माणूस जाते, बाबू. इतकी वर्षं तेच पाहून राह्यलो.”

समारंभाला ते आले नाहीत. मेश्रामांना झेंडूचा हार घातला गेला. त्यांनी भाषणात सगळ्यांचे आभार मानले आणि बोलताना तीनदा दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या सकाळी मेश्राम ट्रंक घेऊन भंडाऱ्याच्या गाडीत बसले, तेव्हा बशीरभाई मोकळ्या हातांनी आले आणि शेजारच्या सीटवर बसले. पुढचं मला त्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं.

“आरमोरी एक,” बशीरभाई म्हणाले. आरमोरी आली. ते उठले नाहीत. ब्रह्मपुरीचं तिकीट काढलं.

“उतरा न, भाई,” मेश्राम म्हणाले. “वापस कवा जासान?”

“थोडं पुढी काम हाये.”

ब्रह्मपुरीला पवनीचं तिकीट निघालं. कंडक्टर वैतागला. “चाचा, एकदाच भंडाऱ्याचं फाडतो न!”

“काऊन? मले कुठी भंडाऱ्याले जायाचं हाये?”

पवनी येईपर्यंत मेश्रामांचा डोळा लागला होता. डोकं कलंडून बशीरभाईंच्या खांद्यावर आलं होतं. कंडक्टर जवळ आला, तेव्हा बशीरभाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं, खांदा न हलवता, पुढच्या तिकिटाचे पैसे धरले.