दुकान वाढवायचे आहे

"यंदाच्या सुट्टीत मी नोकरी करणार, आणि शेवटच्या दिवसापर्यंत टिकणार," धाकटीने स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं.

"शेवटच्या म्हणजे कुठल्या?" दादाने विचारलं. "मंगळवारच्या की बुधवारच्या?"

"आधी ताटं वाढ," आई म्हणाली, "मग काय ते बोल."

दादाचंही चूक नव्हतं म्हणा. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत धाकटी केकच्या दुकानात लागली, ती तिसऱ्या दिवशी घरी. कारण काय, तर गिऱ्हाईक म्हणालं, "केकवर नाव घाला," आणि हिने स्वतःचं घातलं. दुसऱ्या वर्षी फोटोग्राफरकडे अर्धा दिवस, आणि त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. यंदा मात्र आईने निकालच लावून टाकला होता. नोकरी सुटली, की त्याच संध्याकाळी मावशीकडे जायचं आणि उरलेली सुट्टी तिची जुळी सांभाळायची. ती जुळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना धाकटी का धास्तावली हे समजावून सांगायला नको.

तर नोकरी लागली, आणि तीही लोकरीच्या दुकानात. दुकान कसलं, लांबट कपाटच ते. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, प्रत्येक रंगाच्या लोकरीचा एक तुकडा खिळ्याला बांधलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि कोपऱ्यात हीटरशी पाय शेकत बसलेले मालक. सगळे त्यांना लोकरकाका म्हणत. माणूस फार गोड, पण बोलणं अगदी हिशेबी.

"सुट्टी संपेपर्यंत दुकान वाढवायचं ठरवलंय," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "एकट्याच्याने होत नाही आता. म्हणून तुला घेतलंय."

धाकटीचे कान टवकारले. दुकान वाढवायचं! म्हणजे मोठं दुकान, नवा माल, आणि दर सुट्टीला हक्काची नोकरी. मावशीची जुळी तिला एकदम लांब, धूसर दिसू लागली.

"काका, अहो, आता काळजी सोडा. मी वाढवते."

आठवडाभराने काका चार दिवसांसाठी त्यांच्या मुलीकडे निघाले. जाताना म्हणाले, "जुना माल तेवढा हलव. फळ्या मोकळ्या दिसल्या पाहिजेत."

"तुम्ही याल तेव्हा दुकान वाढलेलं असेल."

"चार दिवसांत? एकटीने?"

"बघाच तुम्ही."

काकांचे डोळे भरून आले. धाकटीला वाटलं, पहिल्यांदा कुणीतरी आपली किंमत ओळखली.

तिने त्याच दुपारी पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिलं, "दुकान वाढवायचे आहे", आणि दारावर टांगलं. दुसऱ्या दिवशी कुलूप काढायच्या आधीच दारात रांग! एकजात म्हाताऱ्या बायका. कुणी चार रंग घेतले, कुणी चौदा. एक आजी तर सुयांचा अख्खा डबाच घेऊन वर डोळ्यांना पदर लावत होती.

"ऐकून फार वाईट वाटलं गं," आजी म्हणाली.

"वाईट कशाला? काकांची केव्हापासूनची इच्छा होती."

"हो बाई, थकलेच होते बिचारे."

लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं मनाशी म्हणत धाकटीने तिला सुया बांधून दिल्या. तीन दिवसांत फळ्या रिकाम्या. इथेच ती थांबली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण रिकाम्या फळ्या बघून तिला राहवेना. दुकान वाढवायचं, तर माल नको? तिने घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला.

"दुकान वाढवतोय. पाचशे गुंडे पाठवा, आजच्या आज."

दादा तिचा डबा घेऊन नेमका दारात उभा होता. "पाचशे गुंडे? कुणाचे हातपाय मोडायचेत?"

"लोकरीचे गुंडे, मूर्खा."

पलीकडे व्यापारी गोंधळला होता. "वाढवताय, आणि वर माल मागवताय?"

"मग? मालाशिवाय वाढणार कसं?"

व्यापारी फार प्रेमाने म्हणाला, "एकच रंग आहे, पण हवा तेवढा आहे. परत मात्र घेणार नाही हं."

रंग होता पिकलेल्या भोपळ्याचा.

चौथ्या दिवशी काका आले, सोबत त्यांची मुलगी. तिच्या हातात रिकामी खोकी आणि चिकटपट्टी. दोघं दारात थबकली. जमिनीपासून छतापर्यंत सगळं भोपळी भोपळी, आणि मधोमध धाकटी, छाती पुढे काढून.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"वाढवलं, काका."

काका स्टुलावर टेकले. मुलीने खोकी खाली ठेवली.

"अगं पोरी," काका हळूच म्हणाले, "दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं. कायमचं. मी हिच्याकडे राहायला जाणार होतो."

"मग बंद करणं म्हणायचं ना!"

"तसं म्हणू नये, म्हणून तर वाढवणं म्हणतात."

धाकटीला मावशीची जुळी एकदम जवळ, अगदी स्पष्ट दिसू लागली. ती रडवेली होऊन म्हणाली, "मी जाऊ का घरी?"

"घरी?" काकांनी पाचशे गुंड्यांवरून नजर फिरवली. "हे संपेपर्यंत तुला मी सोडतोय होय! सुट्टी संपू दे नाहीतर कॉलेज संपू दे."

टिकली ना शेवटच्या दिवसापर्यंत? फक्त तो दिवस यायला तीन हिवाळे लागले. आणि काय हिवाळे होते ते! हीटरशी चार पाय शेकत दोघं बसायची, काका तिला उलटे टाके शिकवायचे, आणि दारातून आत डोकावलेलं गिऱ्हाईक रंग बघून तसंच माघारी जायचं. एकदा काका आपण होऊनच म्हणाले, "खरं सांगू? मला नव्हतंच वाढवायचं." त्या दिवशी घरी जाईपर्यंत धाकटीला फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस काकांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "चल, आज दुकान वाढव."

"कसं, काका?"

"या खेपेला तू म्हणतेस तसं नाही. मी म्हणतो तसं."

तिने शटर ओढलं. अर्ध्यावर ते अडकलं, तेव्हा काकांनीही हात लावला.

उरलेले एकशे चाळीस गुंडे पगारात आले. आज धाकटीच्या घरात नवरा, दोन मुलं आणि पाण्याची बाटली, सगळ्यांच्या अंगात भोपळी स्वेटर आहे. मुलं दर हिवाळ्यात विचारतात, "आई, ही लोकर संपणार कधी?"

"संपणार म्हणू नये," ती सांगते. "वाढणार म्हणावं."