ओंडक्याची परतपाठवणी

“मुलगी गुणाची आहे हो, पण घरात कुणी नवीन आलंय असं वाटतच नाही. आपला फ्रिज तरी मधूनमधून घरघरतो.”

सासूबाई हे स्वयंपाकघरात सासऱ्यांना म्हणाल्या आणि नवी सून नेमकी तेव्हाच गॅलरीत, दोरीवरच्या ओल्या चादरीमागे उभी होती. तिच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता, त्यामुळे तिने उत्तर दिलं नाही. (चिमटा नसता तरी दिलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं.) पण तिने मनाशी पक्कं केलं की आता काहीतरी करून दाखवायचं. बोलून दाखवणं आपल्या हातचं नाही, तेव्हा करूनच.

त्याच संध्याकाळी औषधांच्या दुकानाच्या काचेवर तिला एक कागद चिकटवलेला दिसला. शहराबाहेरच्या सार्वजनिक जंगलाची निगा राखायला दर रविवारी सकाळी स्वयंसेवक हवे होते. तिने तिथल्या तिथे फोन करून नाव दिलं. लग्न होऊन या शहरात आल्यापासून तिची म्हणावी अशी एकही जागा नव्हती. घरातले कप्पेसुद्धा आधीच भरलेले, आणि तिच्या साड्या नवऱ्याच्या जुन्या क्रिकेटच्या पॅडांशेजारी अंग चोरून बसलेल्या. जंगल कितीही भरलेलं असलं तरी तिथे एका माणसाची सोय होईल, असं तिला वाटलं.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं, “मी रविवारी जंगलात जाणार आहे.”

“कोण जंगलात गेलं?” सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी करत विचारलं.

“मी. जाणार आहे. झाडांची कामं करायला.”

“एकटी?” सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. “लग्नाला वर्ष नाही झालं आणि सून जंगलात निघून गेली, असं होईल. आम्हीपण येतो.”

झालं! तिची एकटीची जागा अशी ताटावरच चौघांत वाटली गेली.

जंगलाचे वनरक्षक गळ्यात शिट्टी घालून फिरत, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. कुणी चुकीचं झुडूप उपटलं की शिट्टी, कुणी रोपट्यावर पाय दिला की शिट्टी. पहिल्या रविवारी कुटुंब गाडीतून थर्मास काढत बसलं आणि सून एकटीच धावत जाऊन साहेबांच्या मागे चालणाऱ्या घोळक्यात सामील झाली. साहेब पुढे चालता चालता बोलत होते. “पडलेलं लाकूड म्हणजे कचरा नव्हे. त्याच्या पोटात अर्धं जंगल नांदतं. ते इथून हलवायचं नाही.” पुढचं काहीतरी त्यांनी पायवाटेवर आडव्या पडलेल्या एका ओंडक्यावरून ढांग टाकताना सांगितलं, ते मागे नीट ऐकू आलं नाही. मग ते वळून म्हणाले, “काही शंका?” काय ऐकायचं राहिलं ते विचारावं असं सुनेच्या ओठांवर आलं, पण सगळे कुदळी उचलून कामाला लागले, तशी तिनेही कुदळ उचलली.

तिने जीव तोडून काम केलं. उपऱ्या झुडपांची मुळं खणून काढली, रोपट्यांभोवती पालापाचोळा पसरला. साहेब जवळून गेले आणि शिट्टी वाजली नाही! “असंच महिनाभर जमवलंत तर हिरवी टोपी देईन, मग पलीकडचा उतार तुमच्याकडे,” ते म्हणाले. तिला गगन ठेंगणं झालं. सासूबाईंची कंबर धरली म्हणून घरचे लवकर निघाले, आणि ही सगळ्यांची अवजारं धुऊन ठेवून बसने परतली.

दार उघडलं तर हॉलमध्ये पायवाटेवरचा तो ओंडका! सोफ्याएवढा लांब, एका अंगाला शेवाळ, आणि त्यावर सासरे मांडी ठोकून बसलेले.

या घराची एक रीत होती. कुठूनही रिकाम्या हाताने परतायचं नाही. नदीवर गेले की गोटे, कुणाचं घर रंगवलं जात असलं की उरलेला डबा, रस्त्यात फळी दिसली की फळी. “कधीतरी कामाला येईल” या तीन शब्दांवर अख्खी गॅलरी भरली होती.

“वाटेत असाच पडला होता,” सासरे म्हणाले. “आतून पोकळ आहे, अगदी हलका. गाडीच्या टपावर मस्त बसला. टीव्हीसमोर बाक होईल.”

“बाबांची नजर बघ,” नवरा कौतुकाने म्हणाला.

हिरवी टोपी, पलीकडचा उतार, सगळं त्या ओंडक्याखाली चिरडलेलं तिला दिसलं. “पण ते... हलवायचं नसतं,” ती म्हणाली. म्हणजे तिच्या मते म्हणाली. टीव्हीच्या मते कुणी काही बोललंच नव्हतं.

सोमवारी पोटातलं अर्धं जंगल बाहेर पडलं. डोंगळ्यांची रांग बाकाखालून निघून साखरेच्या डब्यात शिरली. सासऱ्यांच्या चपलेत बोटभर भुंगेरा निघाला. बुधवारी सासूबाई अंघोळीला गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. “अहो, मगात कुणीतरी बसलंय!”

“कोण?”

“मी काय नाव विचारत बसू? बेडूक आहे!”

नवरा कीटकनाशकाचा फवारा घेऊन आला. तो ओंडक्यावर नेम धरतोय तोच सुनेने तो डबा त्याच्या हातातून काढून घेतला, आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. नवरा रिकाम्या बोटाने हवेत फवारत राहिला.

“एकतर तो बाक जाईल,” सासूबाई सोफ्यावर उभ्या राहून गरजल्या, “नाहीतर मी!”

सासरे बराच वेळ विचारात पडले, ते पाहून सासूबाई आणखी भडकल्या. अखेर ठरलं की रविवारी, साहेब यायच्या आत, ओंडका होता तिथे नेऊन ठेवायचा. सुनेने रहिवाशांची जमवाजमव केली. डोंगळे साखरेसकट बरणीत, भुंगेरा काड्यापेटीत, बेडूक भोकं पाडलेल्या डब्यात. (“माझा भाजीचा डबा!” “आई, धुऊन देईन.” “मला नको!”)

वाटेत शेवाळ गळू नये म्हणून तिने ओंडका पांढऱ्या चादरीत घट्ट गुंडाळला. लिफ्ट नाही, जिना अरुंद. भल्या पहाटे पुढे नवरा आणि सासरे, मागे सासू आणि सून, असे चौघे मान खाली घालून, पावलं जपून टाकत उतरू लागले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार किलकिलं केलं आणि त्यांचा हात छातीवर गेला.

“अगं बाई! कधी झालं?”

“परवाच ठरलं,” सासरे धापा टाकत म्हणाले.

“फार हाल झाले का?”

“फार. आठवडाभर घरात कुणाला झोप नाही.”

“सुटले म्हणायचं,” काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “पण... कोण?”

तेवढ्यात सुनेच्या काखेतल्या डब्यातून बेडूक ओरडला. काकूंनी दार लावून घेतलं.

जंगलात अजून कुणी नव्हतं. मातीत पडलेला जुना खळगा तिने शोधला, ओंडका त्यात तंतोतंत बसवला, शेवाळाची बाजू होती तशीच वर केली. डोंगळे, भुंगेरा, बेडूक, सगळ्यांना आपापल्या घरी सोडलं. वर मूठभर पाचोळाही भुरभुरवला. काही घडलंच नाही असं दिसत होतं. तिने पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

आणि शिट्टी वाजली.

शिट्टीसाहेब स्वयंसेवकांचा घोळका घेऊन वाटेच्या वळणावर उभे होते, हातात एक कोरी हिरवी टोपी. “हा परत कसा आला?” ते ओंडक्याकडे बघत राहिले. “गेल्या रविवारी मी सगळ्यांना सांगितलं नव्हतं का, की हा एवढा एकच वाटेतून हटवून पलीकडे झाडीत सरकवा, लोक अडखळतात म्हणून? संध्याकाळी बघतो तर वाट मोकळी! म्हटलं, कुणीतरी भला माणूस आहे, न सांगता काम करून गेला. त्याला महिनाभर थांबवायचं कशाला, म्हणून ही टोपी आजच घेऊन आलो.” त्यांनी टोपी झटकली. “आता हा पुन्हा इथे कुठल्या शहाण्याने आणून टाकला?”

नवऱ्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. सासूबाई झाडाच्या शेंड्यावरचा एक पक्षी निरखू लागल्या, तिथे पक्षी नव्हता. सासरे एक पाऊल मागे सरकून सुनेच्या मागे मावतात का ते बघत होते. गेल्या रविवारी आपल्या ओठांवर आलेला प्रश्न आपणच गिळला होता, हे सुनेला आठवलं. तिने घसा खाकरला आणि जो आवाज निघाला, त्याने तीही दचकली.

“नेला बाबांनी, साहेब, ती टोपी त्यांना द्या! परत आणणारी शहाणी मी. शंका मलाच होती, विचारली नाही. आता कुठे सरकवायचा ते दाखवा, आणि आई, तो पक्षी सोडा, डावीकडून धरा!”