पेटीतला मसालेभात

गॅस बंद करून भात शिजवणारा सुरतेच्या गोडादऱ्यातला पहिला माणूस म्हणजे मी, भगवान! हसू नका. सत्त्याण्णव सालची गोष्ट आहे.

उधन्याच्या ज्या कारखान्यात मी लूम दुरुस्त करायचो, तिथे एक साहेब इंधन बचतीवर भाषण द्यायला आले. म्हणाले, भाताला सणसणीत उकळी आणा, गॅस बंद करा आणि पातेलं चिंध्यांत घट्ट गुंडाळून पेटीत ठेवा. आतल्या आत शिजतो! मी थक्क झालो. आणि सुरतेत चिंध्यांना काय तोटा? आमच्या उशा, गाद्या, पायपुसणी, सगळं कारखान्यातल्या चिंध्यांचंच!

"सिलेंडर दोन महिने पुरवून दाखवतो!" मी बायकोला म्हणालो.

"दाखवा. पण रविवारी नको," कमल म्हणाली. "हर्षदाला बघायला येताहेत."

हर्षदा माझी मेहुणी. आईवडील गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. दोन ठिकाणी नकार आला होता, त्यामुळे कमलचा जीव टांगणीला लागला होता. मला मात्र वाटलं, पाहुण्यांना चमत्कार दाखवायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

रविवारी नऊ वाजता कमलच्या मसालेभाताला उकळी फुटली आणि मी पातेलं गॅसवरून पळवलंच! झाकण बांधलं, चिंध्यांत गुंडाळलं, हिरव्या पत्र्याच्या पेटीत कोंबलं, कडी घातली आणि अंघोळीला गेलो.

कमलच्या माहेरून अशा दोन हिरव्या पेट्या आल्या होत्या. दुसरी पेटी तिच्या भागीरथीमावशीने साड्यांनी भरून ठेवली होती. मावशी सुरतेच्या साड्या अमळनेरला नेऊन दारोदार विकायची. तिची गाडी त्याच दुपारी होती, पण चुकेल या धास्तीने ती नेहमी तीन तास आधीच निघायची. मी अंगाला साबण लावत असताना शेजारचा रिक्षावाला भिकन आला आणि मावशीला, पेटीसकट, स्टेशनवर घेऊन गेला.

बारा वाजता पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील धुडकूआप्पा आणि आई. मी पेटी मधोमध ओढली, इंधन बचतीवर चार शब्द बोललो आणि झाकण उघडलं. "आता बघा, आप्पा!"

आत पोपटी साडी. तिच्याखाली जांभळी. तिच्याखाली आणखी वीस!

मुलाच्या आईचे डोळे विस्फारले. "अहो, एवढं कशाला? आम्ही काही मागितलं नव्हतं!" असं म्हणत त्यांनी जांभळी मांडीवर घेतलीसुद्धा!

"अहो, भिकनने चुकीची पेटी नेली!" कमल माझ्या कानात कुजबुजली.

"मग भात?"

"भात निघाला अमळनेरला!"

मी सायकलवर टांग मारली ती थेट उधना स्टेशनवर उतरलो. पॅसेंजर उभीच होती. तिसऱ्या डब्यात मावशी पेटीवर बसलेली, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखी.

"मावशी, उठा! पेटीत भात आहे!"

"जावईबापू, माले उठाडू नका! चार वर्षांत पहिल्यांदा मनी कंबर दुखत नही. या पेटीमा देव शे!"

शेजारच्या गुजराती काकांनी पेटीला हात लावला. "अरे, गरम छे!"

झालं! अख्खा डबा गोळा झाला. कुणी पेटीला तळहात टेकवला, कुणी गाल, एका आजींनी तर कपाळ! शेवटी दोघांनी धरून मावशीला उठवलं आणि मी झाकण काढलं. भसकन वाफ आली. शीत न् शीत मोकळं! खरं सांगतो, मी स्वतःच एक शीत दाबून बघितलं. साहेबांच्या भाषणावर माझा तरी कुठे पुरता विश्वास होता?

"गॅस केव्हा बंद केला?" काकांनी विचारलं.

"नऊ वाजता!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे असं आदराने आजवर कुणी बघितलं नव्हतं, आमच्या शेठने तर कधीच नाही! मग काय, मी भाषणच ठोकलं. उकळी, वाफ, चिंध्या, देशाचं इंधन. "चव बघू, चव बघू," म्हणत लोक द्रोण, डबे, ओंजळी पुढे करत होते आणि मी बोलता बोलता वाढत होतो. भान आलं तेव्हा पातेलं पुसून लख्ख झालं होतं आणि खिडकीबाहेर उसाची शेतं पळत होती. बारडोली आली होती!

"साड्या मागून पाठवा," मावशी पुन्हा पेटीवर बसत म्हणाली. "ही पेटी मी नेते."

रिकामं पातेलं काखेत मारून मी घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. पाहुणे गेले होते. कमल उंबऱ्यात बसली होती. मी पातेलं खाली ठेवलं.

"मोडलं?"

"जमलं."

"जमलं? आणि जेवणाचं काय?"

"पुऱ्या तळल्या. आप्पांनी एकच गोष्ट विचारली."

"भात कसा शिजतो ते?"

"नाही. म्हणाले, हे असलं वेड मुलीच्या घराण्यात आहे का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, नाही हो आप्पा, हे आमच्यात लग्नाने आलेत. त्यांनी लगेच होकार दिला!"