बापूंचा सूट

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या बापूंच्या सुटात होतो. आणि त्यात मी थेट डायरेक्टर दिसत होतो, हे आधीच सांगतो! पँट घोट्याच्या वर थांबली होती, ते सोडा.

आयडिया कुमुदचीच. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून, विकायच्या पुरणपोळ्या लाटता लाटता ती हॉलिवूडचा एकच जुना विनोदी सिनेमा बघायची. त्यात एक पॅकिंगवाला उसना सूट घालून श्रीमंतांच्या पार्टीत घुसतो आणि शेवटी कंपनीचा मालक होतो.

"अहो, त्याला जमतं, मग तुम्हाला काय झालं?"

छोट्या ऑपरेशनला ॲडमिट झाली तरी तेच! "इथे बसून माझे पाय चेपणार का? जुमेरा लेक टॉवर्सची मीटिंग सोडू नका. आणि तसेच सुटात या, बघू तरी!"

गेलो. तिथल्या कँटीनचं बघणाऱ्या कशफ मॅडमनी पोळी खाल्ली, मग माझे घोटे पाहिले.

"इटालियन कट?"

"जी, बिल्कुल!"

"स्टाफ कितना है?"

"हेड शेफ एक. बाकी सब उनके अंडर." बाकी सब म्हणजे मी!

"खलास! ऑर्डर आपका. हर गुरुवार."

तेवढ्यात माझ्या मुलीचा, पर्णिकाचा फोन. "बाबा, कम फास्ट. आई इज नो मोअर."

मी तिथेच रडायला लागलो. मॅडमना वाटलं, आनंदाश्रू! "मुबारक हो!" सगळं ऑफिस टाळ्या वाजवायला लागलं. आणि मी गाढव, प्रत्येकाला थँक यू म्हणत लिफ्टपर्यंत गेलो.

कागदपत्रं झाल्यावर स्मशानातही तोच सूट घातला. तिला बघायचा होता ना! घरी आलो आणि रिवाजाप्रमाणे अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली उभा राहिलो.

बाहेरून बापू दार बडवायला लागले. "मुरलीधर! अरे, तो ड्रायक्लीनचा आहे! माझ्या लग्नातला..." मग थांबले. "राहू दे. कर अंघोळ."

सूट इतका आटलाय की आता बापूंनाही होत नाही.

उद्या पहिला गुरुवार. पर्णिका म्हणाली, "बाबा, जस्ट कॅन्सल इट." मी ऐकलं नाही. डब्याला मोबाइल टेकवला, तिचा सिनेमा लावला, पुरण शिजवलं, वाटलं. पॅकिंगवाला मालकही झाला.

पोळ्या अजून लाटायच्या आहेत.