मंगळावरचा गुरुवार

मंगळावर माणसं न्यायची तर वेळापत्रक हवं, म्हणून मिनल मॅडमनी ते काम उद्धवरावांकडे सोपवलं. उद्धवरावांनी चाकणच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट लावल्या होत्या. ग्रह बदलल्याने त्यांना काही फरक पडला नाही. मॅडमनी न वाचता सही केली.

मोहीम अर्थात सरावाची होती. कंपनीच्या आवारात बंद कंटेनर, आत धम्मरत्न आणि आणखी दोन ऑपरेटर, एकवीस दिवस. नऊ कंपन्यांच्या संघांत पहिलं आलं तर खऱ्या यानाच्या खुर्च्या बनवायचं काम मिळणार होतं; नाही आलं तर मॅडमचा विभागच बंद. खऱ्यासारखं वाटावं म्हणून प्रत्येक निरोप पोचायला दहा मिनिटं लागतील, अशी गैरसोय परीक्षकांनी आवर्जून केली होती.

मंगळावर उतरायचं होतं दुपारी बाराला. अकराला मॅडमनी विचारलं, "धम्मरत्न, तयारी झाली?"

वीस मिनिटांनी उत्तर आलं, "कसली, मॅडम? आज गुरुवार."

चाकण-भोसरीत कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, हे शेंबडं पोरही जाणतं. उद्धवरावांनी ती मंगळापर्यंत नेली होती.

"अरे, यानाला कसली सुट्टी?"

पुन्हा वीस मिनिटं. "यानाला न्हाई, आमाला. सुट्टीला मशीनला हात लावला की मेमो मिळतो. मागं मिळालाय मला."

मॅडमनी उद्धवरावांना फोन लावला. ते दिघीत गच्चीवरची टाकी धूत होते.

"उद्धवराव, गुरुवारी सुट्टी टाकलीत?"

"मग काय रविवारी टाकू?"

"आज उतरायचंय हो!"

"बदल आदल्या दिवशी कळवायचा असतो, मॅडम. आता पोरांना बदली सुट्टी द्या, उतरतील."

बाराला दहा कमी असताना मॅडमनी निरोप सोडला, "बदली सुट्टी मंजूर. उतरा!"

बारा दहाला उत्तर आलं, "लेखी मिळेल का?" मागून कुणीतरी म्हणत होतं, "भावा, पान टाक की."

तोवर मंगळ मागे पडला होता.

मॅडम शांतपणे राजीनामा लिहायला बसल्या. सही करणार, तोच परीक्षकांचा फोन. बाराला त्यांनी मुद्दाम धुळीचं वादळ सोडलं होतं. आठ संघ त्यात उतरले आणि जागच्या जागी संपले. जिवंत अंतराळवीर फक्त चाकणचे.

"वादळ ओळखलंत कसं?"

"आमच्याकडे अनुभवी माणसं आहेत," मॅडम म्हणाल्या आणि राजीनामा उलटा करून कोऱ्या बाजूवर खुर्च्यांची मापं मांडू लागल्या.